भिंतीतल्या मधमाश्या
परवा सोसायटीत डासांचं औषध फवारलं आणि त्या वासासरशी चाकणजवळचं आमचं मातीचं घर आठवलं. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट असेल. आत्याने भिंतीत मडकं बसवून मधमाश्या पाळल्या होत्या. अंगणाच्या बाजूच्या भोकातून त्यांची ये-जा चाले. हिवतापाने गाव पिळून निघालं होतं, म्हणून सरकारी माणसं घरोघरच्या भिंती आतून-बाहेरून फवारत आली. आत्याने भोकावर ओलं फडकं लावलं आणि भिंतीशी वाकून म्हणाली, "बायांनो, आजचा दिस कळ काढा. भाईर इख हाय." सांजेला वास ओसरला, तसं तिने फडकं काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीखाली माश्यांचा सडा पडला. वाळलेलं औषधही मारतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? आई समजूत घालू लागली, तर म्हणाली, "न्हाई वैनी, म्याच दार उघडलं." त्या वर्षी परसातला भोपळा नुसताच फुलला, धरला नाही. मग आत्या रोज सकाळी नरफूल खुडून मादीफुलाला लावत बसायची. आज अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत मीही तेच करते. फक्त ‘कळ काढा’ म्हणावं, असं तिथे कुणी येत नाही.