खड्डे खाणारे गुडघे

रोह्याहून शहरात नोकरीला जायचं तर ट्रेन की बस, असं लोक विचारतात. निवडायचं काय त्यात, डोंबल! ट्रेनचा नेम नाही आणि रस्त्याची चाळण झालीय. उशीर नको म्हणून मी कंबर पणाला लावतो आणि बस धरतो.

वाटेत गडब गावाला एक बाई चढते. पापडांचं गाठोडं दोन्ही हातांवर, तान्हं मूल धरावं तसं. जागा असली तरी ती बसत नाही. दांड्याला पाठ लावून, गुडघे किंचित वाकवून उभी राहते.

एकदा मी वैतागून म्हणालो, "मावशी, बसा की!"

"बसले तं पापडांचा चुरा व्हतो. खड्डा गुडघ्यानी खायचा, म्हंजे पापडाला कळत नाय."

"मग ट्रेनने जा ना!"

"ती कवा येल, कोनाला ठाव? बाजार थांबंल व्हय माझ्यासाठी?"

पनवेल आलं. तिने गाठोडं सोडून पाहिलं. एकही पापड मोडला नव्हता. हा रस्ता करणाऱ्यांना आणून हे दाखवावं, असं मनात आलं, तेवढ्यात ती उतरायला वळली. गुडघे सरळच होईनात. आम्ही दोघातिघांनी धरून तिला खाली उतरवलं. गाठोडं मात्र तिने कुणाच्या हातात दिलं नाही.