बेस नसलेलं गाणं

चष्म्याच्या दुकानात ती फ्रेमा बसवून द्यायची. कुणाचं नाक बसकं, कुणाचा एक कान वर. काड्या गरम करायच्या, वाकवायच्या, गिऱ्हाईक "हं, आता ठीक" म्हणेपर्यंत हात चालू. याच हातांनी तिने एकेकाळी पोस्ट-पंक बॅंडमध्ये बेस गिटार वाजवली होती, हे दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा सांगून पाहिलं होतं. "म्हणजे कसलं संगीत?" मालकीणबाईंनी विचारलं. "तुटक, चिडकं, पण पाय थांबू न देणारं," ती म्हणाली. त्या हसल्या, विषय संपला.

बॅंडमध्ये तिला सगळे 'खांब' म्हणायचे. गायक स्टेजभर थयथयाट करायचा आणि ही मागे बेसचे खर्जातले सूर धरून ढिम्म उभी. पहिले तीन अल्बम असे झाले. मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. आई आधीच गेलेली, बघायला दुसरं कुणी नाही. "तुम्ही दौरा करून या, तोवर मी इकडचं बघते," ती गायकाला म्हणाली. तो 'तोवर' काही केल्या संपेना. चौथा अल्बम तिच्याशिवाय निघाला. कव्हरवर तिच्या जागी एक अनोळखी चेहरा होता.

तिने तो ऐकला नाही. बाबांना भरवताना रेडिओवर त्यातलं काही लागलंच, तर उठून रेडिओ बंद करायची.

लोक त्याबद्दल काय म्हणतात ते मात्र तिने एक शब्दही सोडला नाही. आणखी दोन अल्बम करून बॅंड मोडला, पण इंटरनेटवरचे श्रोते या चौथ्यावरूनच हमरीतुमरीवर यायचे. जेवणाच्या सुट्टीत एका हातात चमचा, एका हातात फोन. 'बेसवाली गेली आणि बॅंडचा कणाच गेला,' असं कुणी लिहिलं की घास गोड लागायचा. त्याच्याच खाली दुसरा असायचा: 'बरं झालं गेली. इथे पहिल्यांदा बॅंडने मोकळा श्वास घेतलाय.' मग दुपारभर कुणाकुणाच्या कानामागे काडी टोचत राहायची. कुणाला त्यात नव्याने आलेला कीबोर्ड दाताखाली आलेल्या खड्यासारखा वाटे. एकाने लिहिलं होतं, 'बायको सोडून गेली त्या वर्षी मी हाच अल्बम ऐकून तगलो. मला यातली खोट दाखवू नका.' ते वाचून तिला राग यावा की रडू, कळेना.

बाबा गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका श्रोत्याने तक्रार केली: 'शेवटून दुसऱ्या गाण्यात बेसच नाही! मिक्सिंग करणारा झोपला होता का?' वादाला तोंड फुटलं. कुणी म्हणे चूक, कुणी म्हणे प्रयोग. गाण्याचं नाव वाचून ती चपापली. ते तिने आणि गायकाने बाबांच्या स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून रचलेलं होतं.

रविवारी सकाळी तिने सगळा अल्बम ऐकला. चांगला होता. तेच सोसेना. मग ते गाणं आलं. ड्रम, आवाज, गिटार, आणि खाली नुसती पोकळी. तिची बोटं टेबलावर आपोआप हलू लागली.

बाबा गेले तेव्हा गायकाचा दोन ओळींचा निरोप आला होता. तिने त्याच नंबरावर फोन लावला.

"कोण, खांब?"

"हो रे. त्या गाण्यात बेस का नाही?"

तो हसला. "इतक्या वर्षांनी हे विचारायला फोन केलास? अगं, तो नवा बेसवाला तापाने फणफणला होता. स्टुडिओ दुसऱ्या दिवशी सोडायचा होता."

तिचं मन खट्टू झालं. "अच्छा. एवढंच."

"एवढंच कुठे? बरा झाल्यावर तो म्हणाला, आता वाजवतो, मागून जोडू. मीच नको म्हटलं. वाजवलाही असता त्याने चांगला. पण तुझी चाल त्याला शिकवायला बसलो आणि... नाही जमलं मला."

"मग तेव्हा एक फोन करायचास की."

"तू करायचास."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. त्याच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"वाजवतेस अजून?"

"नाही. लोकांच्या नाकावर चष्मे बसवते."

"माझा सारखा घसरतो बघ."

"मग ये की दुकानात."

"येतो," तो म्हणाला. तो राहायचा तिथून यायचं तर विमान लागायचं.

सोमवारी जेवताना तिने फोन उघडला. भांडण चालूच होतं. तिने पहिल्यांदाच लिहिलं, 'ती चूक नव्हती. जागा मुद्दाम सोडली होती.'

हात धुऊन येईतो उत्तर आलं होतं. 'तुम्ही काय, तिथे होतात का?'

 मग तिने टाइप केलं, 'नाही. मी नव्हते तिथे.' आणि फोन पालथा ठेवून काउंटरवर गेली. एक आजोबा मोडकी काडी हातात धरून खोळंबले होते.