बेलार्मिना अरेपे विसरली

बेलार्मिना झपाता माझ्या वरच्या घरात राहते; मानाने सगळे तिला ‘दोन्या’, म्हणजे बाई, म्हणतात. पंचावन्न वर्षं ती दारातल्या निखाऱ्यांवर मक्याचे अरेपे, म्हणजे जाडसर गोल भाकऱ्या, भाजत होती. कोलंबियातल्या मेदेयीन शहरात, आमच्या डोंगरावर उजाडल्याचं कळायचं ते त्या वासावरून. पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आवरतं घ्यायचा, कारण गार झालेला अरेपा त्याला चालत नसे.

आमच्याकडे टोळीला टोळी म्हणत नाहीत, ‘पोरं’ म्हणतात. त्यातली काही पन्नाशीची आहेत, एकाला कवळी आहे, तरी पोरंच. शेजाऱ्याने भिंत सरकवली, नवऱ्याने हात उचलला, की माणसं तक्रार घेऊन पोरांकडे जातात. पोलीस तक्रार लिहून घेतात, पोरं ती मिटवतात. अंडी आणि गॅस पोरांकडूनच घ्यायचे हे ठरलेलंच होतं. गेल्या वर्षी त्यांनी फर्मान काढलं की यापुढे अरेपेही फक्त पोरांच्या पिशवीतले. बेलार्मिनाला निखारे विझवायला आठ दिवस दिले.

त्याच आठवड्यात विद्यापीठातून डॉक्टर एव्हेलिओ आले. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, गुन्हेगारीवर ढीगभर वाचलेले. तिच्या बाकावर बसून तिचाच अरेपा खात त्यांनी तिला समजावलं की गुन्हेगार कुणी जन्माला येत नाही. समाज श्रीमंतीची स्वप्नं दाखवतो आणि तिकडे जायची वाट बंद ठेवतो. शिवाय वस्ती विस्कटलेली, शिवाय संगत.

“आम्ही अकरा भावंडं, पातेलं एक, बाप दारुडा,” बेलार्मिना म्हणाली. “आणि संगत म्हणाल तर ही बया.” तिने माझ्याकडे बोट केलं. “मग माझं पिस्तूल कुठंय, डॉक्टर?”

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी कागदावर त्रिकोण काढला. टोकाला तुरुंगात बसलेला मोठा, मध्ये एकेका गल्लीचे कारभारी, तळाला कोपऱ्यावर उभी असलेली पोरं. हे नुसत्या बंदुकीवर चालत नाही, ते म्हणाले. पोरं न्याय करतात म्हणून लोक त्यांना मानतात. ज्या दिवशी तक्रार परत पाठवतील त्या दिवशी त्यांचा रुबाब गेला. बेलार्मिना अरेपा उलटायचा थांबली. हे तिने त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने चर्चला जायचा झगा घातला आणि मला ओढत कारभाऱ्याकडे नेलं. कारभारी म्हणजे येइसन. लहानपणी हा तिच्या तुटक्या अरेप्यांवर वाढला. तिथे तक्रारवाल्यांची रांग होती. आमचा नंबर आला.

“कुणाविरुद्ध, दोन्या?” येइसनने विचारलं.

“वस्तीत कुणीतरी आंबलेले अरेपे विकतंय. पिशवीत भरून. माणसांची पोटं बिघडतायत. कोण आहे ते शोध आणि बंदोबस्त कर.”

येइसन कानापर्यंत लाल झाला. “दोन्या, ते आपलेच आहेत.”

“मग बरंच झालं. शोधायला लांब जायला नको.”

मागे सगळी रांग कान टवकारून उभी. त्याला हसण्यावारी नेता येईना, दम देता येईना. वर विचारून सांगतो, म्हणाला.

वर म्हणजे तुरुंगात. उत्तर यायला सहा दिवस लागले. असल्या आगाऊपणापायी आमच्या गल्लीतली तीन घरं रातोरात रिकामी झालेली मी पाहिली होती. मी तिला शिव्या घातल्या, भीतीने रडलेही. ती मात्र घोरत होती.

शनिवारी दुपारी येइसन टोपी हातात घेऊन आला. तुरुंगातल्या मोठ्याने पिशवीतला अरेपा मागवून खाल्ला होता आणि तक्रार खरी निघाली होती. तेव्हा यापुढे पोरांचे अरेपे बेलार्मिनाच्या हाताखाली होणार होते. शेड देणार, यंत्र देणार, मदतीला चार बायका, पिशवीवर तिचं चित्र.

“तुम्ही आता आमच्यातल्या, दोन्या,” तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

डॉक्टरांच्या कागदावर ही वाट नव्हती. ना गरिबी, ना संगत. चांगलं रांधते म्हणून भरती.

बेलार्मिनाने झग्याला हात पुसले. “अरे बाबा, मी विसरले रे.”

“काय विसरलात?”

“अरेपे कसे करतात ते. वय झालं. सकाळपासून आठवतच नाही.”

तिच्या मागे निखाऱ्यांवर सहा अरेपे फुगत होते. येइसनने त्यांच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ तिच्याकडे. त्याचा तिच्यावर जीव होता म्हणून, की वर ‘नाही’ कळवायची हिंमत नव्हती म्हणून, देव जाणे. “म्हातारपण वाईट,” तो म्हणाला. “तसं कळवतो.” जाताना सहाही अरेपे घेऊन गेला.

तेव्हापासून तिची चूल गार आहे. विसरली म्हटल्यावर घरातसुद्धा करता येत नाही, वास तीन गल्ल्या जातो. ती भात खाते. मी सगळ्यांसारखे पिशवीतले खाते, आणि मला त्याची लाज वाटते.

तिच्या वाढदिवसाला मी मका दळून, मळून नेला. दारं-खिडक्या लावल्या. म्हटलं, एकच कर, आपल्या दोघींपुरता, निखाऱ्यांवर नको, तव्यावर कर. तिने पिठाचा गोळा घेतला, तळव्यावर जरा फिरवला आणि माझ्या हातात परत दिला.

“छान मळलंयस गं,” ती म्हणाली. “याचं काय करतात?”