गोलकीपरचा कौल

आमचा संघ कपाची फायनल का हरला, हे ठरवायला शेवटी आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला मध्ये पडावं लागलं.

त्याआधी माणसांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. भरपूर केले. सामना खेळून मी जेवढा दमलो नव्हतो, तेवढा त्या सामन्याची चर्चा ऐकून दमलो. (सामन्यात मी दमायचं काही कारणही नव्हतं. मी गोलकीपर होतो.) ऐंशी सालानंतरची ती वर्षं. शाळेमागच्या मळ्यात भात कापून झालं की तिथेच मैदान आखायचं, दोन्ही टोकांना सुरूचे वासे पुरायचे आणि आसपासच्या गावांना बोलावून कपाचे सामने भरवायचे, हा आमच्या मंडळाचा रिवाज. माझे बाबा रिटायर्ड पोस्टमास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. अध्यक्षांचा मुलगा म्हणून संघात होतो आणि धावता येत नाही म्हणून गोलात होतो.

फायनलला समोर आलं बांदा. बांदा म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचं गाव. तिथली पोरं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतात. पण माझी अडचण वेगळीच होती. बांदा ही माझी सासुरवाडी! माझी बायको सुमन तिथली, आणि तिचा पाठचा भाऊ अरविंद त्यांचा सेंटर फॉरवर्ड. सुमनला दिवस गेलेले होते. सामना आटोपल्यावर आठवड्याभरात अरविंद तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला येणार होता. तिची ट्रंक केव्हाची भरून तयार होती.

सामन्याच्या दिवशी दुपारी बांद्याचा संघ ट्रकातून उतरला तो थेट आमच्या घरासमोरच्या खळ्यात. आईने तसं फर्मानच काढलं होतं.

"सुनेच्या माहेरची माणसां गावात येतली आणि उपाशी खेळतली? लोक शेण घालतीत माझ्या तोंडात!"

बाबा अध्यक्ष म्हणून विरोध करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला माजघरात ओढलं आणि कानाशी लागले.

"गप रव. आवशीक करू दी काय करता तां. वडे आणि कोंब्याची सागोती पोटभर खाल्ल्यानी काय धावतले कशे?"

योजना उत्तम होती. फक्त पाहुण्यांना आग्रह करायचा तर घरचं कोणीतरी पंगतीला बसायला हवं, आणि ती जबाबदारी माझ्यावर आली. बाबा स्वतः वाढत होते. "अरविंदा, लाजतस कित्याक? तुझे भावोजी बग कशे खातत!" अरविंदने दोन वडे खाल्ले, सोलकढी प्यायली आणि हात धुतले. बाकीच्या बांदेकरांनीही तेच केलं. बाबांचा आग्रह मात्र चालूच राहिला आणि तो मान ठेवायला पंगतीत मी एकटा उरलो.

सामना संपत आला तरी गोल कोणाचाच नव्हता. आमचा कॅप्टन सदा होडीवरचा तांडेल. समुद्रावर खलाशांना ओरडायची सवय, त्यामुळे मैदानावरही सगळ्यांना ओरडत होता. तेवढ्यात अरविंद बॉल घेऊन निसटला आणि एकटाच माझ्यासमोर आला. मी वाकून, हात पसरून तयार उभा होतो. (हे आजही मी शपथेवर सांगायला तयार आहे.) आणि तो ओरडला, "भावोजी!"

आता, बायकोच्या भावाने हाक मारली तर आपल्याकडचा माणूस काय करतो? मी सरळ उभा राहिलो, हात खाली घेतले आणि तोंडभर हसून म्हणालो, "काय रे अरविंदा?"

बॉल माझ्या दोन पायांमधून गेला आणि मागच्या कुंपणाला लागून थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच खळ्यात मंडळाची सभा भरली. बाबा खुर्चीवर, बाकी सगळे जमिनीवर. सगळ्यांच्याच अंगात काल रात्रीची मरगळ होती.

"आजच्या सभेपुढे एकच विषय आहे," बाबा म्हणाले. (सभेत ते पोस्टातलं मराठी बोलत.) "कालच्या पराभवाच्या संदर्भात संघाच्या कामगिरीचं मूल्यमापन."

मूल्यमापन सूर्यापासून सुरू झालं.

"ऊन डोळ्यार येय होता," आमचा राइट बॅक म्हणाला.

"दोनय हाफात?" सदाने विचारलं.

"माझ्या दोनय हाफात."

"बॉलात वारो जास्त भरललो," आणखी कोणीतरी म्हणालं.

"मगे तो बांदेकरांका कसो नाय लागलो?"

"माका कोणी पासच दिल्यानी नाय," लेफ्ट आउट म्हणाला.

"तू खंय होतंस?" सदा उसळला. "तू माडाच्या मुळात बसललंस!"

"थंय सावळी होती."

बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, असंच सगळ्यांना थोडं थोडं वाटून दोष संपेल आणि चहा होऊन आपण मोकळे होऊ. पण सदाने मान वळवून माझ्याकडे बोट केलं.

"आणि ह्यो? मेवण्यान हाक मारल्यान आणि ह्येना गोल दिल्यान! सगळ्या गावान बघल्यान!"

"मी मुद्दाम काहीही केलेलं नाही," मी म्हणालो. (अडचणीत सापडलो की मी शाळेतलं मराठी बोलतो. त्याने कोणाचं मत बदलल्याचं आठवत नाही.)

"मगे सामन्याआदी बांदेकर कोणाच्या पंगतीक जेवले?"

"आमच्याच," मी म्हणालो. बाबांनी घसा खाकरला.

"आणि तो स्वेटर? अंगात पिवळो स्वेटर खंयसून इलो?"

इथे मात्र मी अडकलो. थंडीचे दिवस म्हणून सासूबाईंनी दिवाळीला मला प्रेमाने तो विणून दिला होता. बांद्याच्या संघाचा रंगही पिवळा, हे माझ्या काय, सासूबाईंच्याही ध्यानात आलं नसणार.

"बांद्याचो रंग घालून आमच्या गोलात उबो ऱ्हवलो!" सदा गरजला. "आणि अध्यक्षांच्या घरातलो माणूस!"

हे बाबांना लागलं. जन्मभर कोणाचं पाकीट इकडचं तिकडे होऊ न दिलेला माणूस. ते ताडकन उठले. "या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत," ते म्हणाले, "या घरातलं कोणीही माणूस बांद्याला जाणार नाही!"

सभेने टाळ्या वाजवल्या. आत स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला.

मी आत गेलो तर सुमन ट्रंकेवर बसली होती. "अवो, म्हणजे मी सुदा?"

"बाबा रागात बोलले गं."

"ते रागात बोलले तां माका आयकाक इला. तुमी कायच बोललास नाय, तांय आयकाक इला."

पहिली खेप, तिला आपल्या आईजवळ असावंसं वाटणारच. मला तिचं फार वाईट वाटलं आणि स्वतःची फार लाज वाटली. आईने तर बाबांशी बोलणंच सोडलं आणि त्यांना मिठाशिवायची पेज वाढायला लागली. बाबा ती मुकाट्याने खात होते. दिवस भरत चालले होते, पण अध्यक्षाने भर सभेत उच्चारलेला शब्द मागे कसा घ्यायचा, हे त्यांनाही कळत नव्हतं.

ठरल्याप्रमाणे अरविंद एस्टीतून उतरला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बांदेकर आलाय म्हटल्यावर सदासकट सगळी वाडी आमच्या खळ्यात जमा झाली. बाबांचा हुकूम त्याला ऐकवला, तसा तो बिचारा माझी बाजू घ्यायला पुढे सरसावला. घेतली नसती तर बरं झालं असतं!

"भावोजींका कित्याक बोलतास? आमच्या गावात त्यांचा केवडा नाव झाला म्हायत आसा? सासुरवाडीसाठी कप सोडल्यानी! असो जावय मिळाक नशीब लागता! आमी त्यांचो सत्कार करतलो, शाल-नारळ देवन!"

"अरविंदा, गप्प बस!" मी म्हणालो.

"आयकलास?" सदा बाबांकडे वळला. "आता आणखी काय व्हया?"

बाबा पायरीवर बसले. त्या चार-आठ दिवसांत ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते. आणि मी? खरं सांगायचं तर त्या सगळ्या कटकटीतही मला मनातून एक गोष्ट सुखावून गेली. आमचा गाव म्हणत होता की मी ठरवलं असतं तर गोल अडवला असता. बांदाही तेच म्हणत होता. माझ्या गोलकीपिंगवर इतक्या लोकांनी एकाच वेळी विश्वास ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती.

एवढ्यात सुमन दारात आली. एरवी ती चार माणसांत बोलायची नाही. तिने पदर सारखा केला आणि सरळ बाबांना म्हणाली, "मामंजी, देवाक इचारा. देव सांगात तसा करूया."

आमच्याकडे ज्या गोष्टीचा निकाल माणसांकडून लागत नाही, तिच्यासाठी देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. जमिनीचे वाद, लग्नं, हरवलेली गुरं, सगळं रवळनाथाने ऐकलेलं होतं. फुटबॉल त्याच्यापुढे पहिल्यांदाच जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. भिकू गुरवाने पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"आज ह्यां तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उबा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येना मेवण्याच्या हाकेक भुलान, जाणूनबुजून गोल दिल्यान नसात, तर उजवो कौल दी आणि ह्या सुनेची माहेराची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सगळ्यात मोठा आवाज सुमनचा होता.

पाकळ्या जागच्या हलेनात. सगळे मूर्तीकडे टक लावून. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आम्ही पुन्हा व्हय म्हाराजा केलं. कोणी जांभया देऊ लागलं, कोणी खांबाला टेकलं. सदाला होडीवर जायचं होतं, तो सारखा बाहेर ऊन बघत होता. मी डोळे मिटून एवढंच म्हणत होतो, देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हिला आईकडे जाऊ दे.

आणि उजवी पाकळी पडली!

सुमनने डोळ्यांना पदर लावला. आईने किती दिवसांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, "आजच निघा रे. दुपारची एस्टी धरा." मला वाटलं, सुटलो. पण सदा तिथेच डोकं खाजवत उभा होता.

"म्हंजे, ह्येना मुद्दाम नाय केल्यान?"

"नाय," भिकू गुरव म्हणाला.

"म्हंजे ह्येका बॉल अडवचो होतो?"

"व्हय."

"आणि तरी अडवक जमलो नाय?"

गुरवाने एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. "देवान तसाच सांगल्यान आसा," तो हळूच म्हणाला.

इतके दिवस रागाने बघणारी माणसं आता माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. सदा जवळ आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा आवाज मी इतका मऊ कधीच ऐकला नव्हता.

"माफ कर हां दिगू. आमी उगाच तुझ्यार संशय घेतलंव. तितकी अक्कल तुका खंयची?"

दुपारच्या एस्टीत अरविंद बराच वेळ माझी नजर चुकवत होता. सावंतवाडी गेल्यावर कसाबसा म्हणाला, "भावोजी, त्या सत्काराचा... आता लोकांका काय सांगाचा?"

"राहू दे," मी म्हणालो. मला खरोखर झोप येत होती.

सुमन मात्र खिडकीशी बसून हसत होती. "कौल कसो पडतलो तां माका आदीच ठावक होता," ती म्हणाली. "तुमका कधी मुद्दाम काय करूक जमलाहा?"

बांद्याला मुलगी झाली. बारशाला आमच्या गावचे आणि त्यांच्या गावचे सगळे एकत्र जमले; आई-बाबा आले, सदासुद्धा आला. नाव ठेवून झालं आणि सुमनने बाळ माझ्याकडे देण्यासाठी हात पुढे केले. तशी घरातली गजबज एकदम थांबली. सासूबाईंनी घाईघाईने माझ्या पायाशी दुहेरी गोधडी अंथरली. आई दोन्ही हात पसरून वाकली. बाबा, अरविंद आणि सदा यांनी मला तीन बाजूंनी घेरलं. मी लेकीला घेतलं, छातीशी धरलं आणि अगदी नीट, घट्ट धरलं. उभ्या आयुष्यात मी काहीतरी व्यवस्थित झेललं होतं, आणि दोन्ही गावांतल्या एकाही माणसाने ते पाहिलं नाही, कारण सगळेच्या सगळे खाली गोधडीकडे बघत होते.