भिंतीपलीकडचा पियानो

इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या घराची एक भिंत शेजारच्या जपानी आजोबांशी सामाईक आहे. लेकीकडे राहायला आलेले हे आजोबा संगीतकार. उभं तारुण्य त्यांनी जपानमध्ये तलवारबाजीच्या सिनेमांना संगीत देण्यात घालवलं. "माझ्या सुरांवर कायम कुणीतरी बोलत असायचं, नाहीतर घोडे धावायचे," ते मला सांगत. दिग्दर्शकाला लांब वाटलं की कात्री लागायची. म्हणून ते घरी पियानोवर स्वतःचं वेगळं काही लिहीत. ते वाजवायला बसले की बायको स्वयंपाकघरातला नळ बंद करायची. ती गेल्यावर तिच्यासाठी त्यांनी एक रचना लिहिली आणि ती ते रोज सकाळी वाजवतात. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून ऐकून ती रचना पाठ झाली आहे. मीही नळ बंद करते.

ती रचना लोकांसमोर कधीच वाजली नव्हती. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात वाजवा, असा हट्ट मीच धरला. आजोबा इस्त्रीचा कोट घालून आले. निम्मं वाजवून झालं असेल नसेल, तोच निवेदक माईकवर आला. "फ्रेंड्स, काका प्ले करतायत तोवर डिनर स्टार्ट करूया! वडे गरम आहेत, लहान मुलांच्या पेरेंट्सनी आधी लाइन करा!"

खुर्च्या सरकल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा स्टेजपाशी गेले. "अरे, ते वाजवतायत ना! कळत नाही का?"

"काकू, चिल! बॅकग्राउंडला किती मस्त वाटतंय!"

बॅकग्राउंड! भारतातून आलेल्या गवयाच्या मैफिलीत पोरगं जरा कुरकुरलं तर डोळे वटारणारी हीच मंडळी. आजोबांनी वड्यांच्या रांगेकडे पाहिलं, ती रचना तिथेच सोडली आणि सिनेमातली तलवारबाजीची धून सुरू केली. लगेच सगळ्यांचे मोबाइल वर! टाळ्या काय, वन्स मोअर काय! त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो.

परतताना गाडीत ते म्हणाले, "माफ करा, माझं जरा लांबलं." माफी यांनी मागायची? मला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियानो सुरू झाला आणि मी भांडी घासता घासता नळ बंद केला. शेवटी शेवटी ते सूर सावकाश वर चढतात, तिथे माझा हात नेहमी थांबतो. पण त्याआधीच पियानो गप्प झाला. थोडा वेळ वाट पाहिली. मग तशीच साबणाच्या हातांनी जाऊन त्यांचं दार ठोठावलं.

"शेवट कुठे गेला?"

"कापला," आजोबा हसून म्हणाले. "आता जेवण सुरू व्हायच्या आधी संपेल."

"बसा पियानोवर," मी म्हटलं. माझा आवाज बहुतेक चढलाच होता. "आणि राहिलेलं वाजवा. मी इथून हलणार नाही."