मी त्या पडवीत होतो

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या बाईने टोपली उतरवता उतरवता सांगितलं, "गुरुजी, तो ऑपरेशनवाला दलाल गेला ना पहाटे. झोपेतच गेला म्हनतात." मी बांगडे घेतले, टोपली पुन्हा डोक्यावर चढवायला तिला हात दिला आणि दार लावून घेतलं. "दलाल नव्हता तो" एवढं साधं वाक्य, पण ते तेव्हाही माझ्या तोंडातून निघालं नाही. शरीफभाईंना जाऊन आता काही आठवडे झाले. ते वाक्य अजून घशातच आहे. निदान कागदावर तरी उतरावं, म्हणून हे लिहितो आहे.

चौलात त्यांचं घर आमच्यापासून दोन वाड्या सोडून. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कुवेतमध्ये काढली, एका कंपनीच्या भटारखान्यात. सुट्टीवर यायचे तेव्हा रिक्षात त्यांच्याशेजारी दुसरं कोणी बसू शकत नसे, इतका अवाढव्य माणूस. मग एका वर्षी आले ते निम्मे होऊन. गावाला वाटलं मोठं दुखणं झालं असेल. ते मात्र नाक्यावर उभे राहून सगळ्यांना सांगायचे, "पोट कापून लहान करून घेतलं, तुर्कस्तानात. आता केळ्याएवढं हाय. दोन घास खाल्ले की भरलं."

हसत सांगायचे, पण तिथल्या हॉटेलातल्या दिवसांबद्दल बोलताना आवाज बदलायचा. एकटेच गेले होते. दवाखान्याने लवकर सोडलं, खोलीत उलट्या सुरू झाल्या, भाषा येईना. चादरी बदलायला आलेली एक बाई काम टाकून त्यांच्या उशाशी बसली आणि ओल्या रुमालाने ओठ पुसत राहिली. "सर, कापणारे पुष्कळ भेटतात," ते मला म्हणाले होते, "पाणी विचारणारं कोणी नसतं."

कायमचे परत आल्यावर त्यांनी हेच काम धरलं. कुणी परदेशी ऑपरेशनला निघालं की त्यांच्याकडे यायचं. रविवारी सकाळी पडवीत चटया पडत. जाऊन आलेले आणि जाणारे, दोघेही. उरणची एक शिक्षिका, मुरूडचे दोन भाऊ, मुंबईहून एखादं जोडपं. शरीफभाईंच्या पत्नी जुबेदाभाभी डाळीचं पाणी करायच्या आणि ते लहानशा वाटीतून, चहाच्या चमच्याने, गप्पा मारत प्यायचं. केस गळतात त्याचं काय, सैल पडलेल्या कातडीचं काय, नवरा म्हणतो आता तू ओळखू येत नाहीस त्याचं काय... डॉक्टरला विचारायची लाज वाटते ते सगळं तिथे बोललं जाई. नवा माणूस आला की शरीफभाई त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायचे. बैठक संपेपर्यंत तो घोट घोट करून पुरवायचा. "आधी हे जमतंय का बघा, मग तिकीट काढा," असं म्हणायचे. कित्येकांना त्यांनी त्या पेल्यावरून परत पाठवलं. कुणाकडून काही घेतल्याचं मी पाहिलं नाही. उलट, परतलेल्या माणसाला महिनाभर रोज फोन करत.

मला हे माहीत आहे, कारण मी त्या पडवीत होतो. नुसता बघायला नव्हे. माझे गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा. मुंबईत हेच ऑपरेशन झालं असतं, पण तिथे कुणी ओळखीचं भेटलं असतं. जन्मभर मुलांना संयमाचे धडे दिलेला मुख्याध्यापक पोट कापून घेतो, हे मला गावात नको होतं. दुबईला मुलाकडे जातो असं सांगून मी निघालो आणि तिथून पुढे शरीफभाई मला घेऊन गेले. हॉटेलात माझ्या उशाशी ते बसले. ओठ त्यांनी पुसले. परत आल्यावर मी लोकांना सांगितलं की सकाळचं चालणं आणि रात्री फक्त ताक. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात मिताहारावर माझं भाषण ठेवलं. शरीफभाई शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बाहेर पडताना कानाशी येऊन म्हणाले, "सर, ताकाची रेसिपी द्या की आम्हाला पण."

मग निलेश आला. उरणचा पोरगा, न्हावा शेवाला ट्रेलर चालवायचा. लग्न ठरत नव्हतं म्हणून त्याला बारीक व्हायचं होतं. त्या रविवारी मी भिंतीला टेकून बसलो होतो. शरीफभाईंनी त्याला पेला दिला आणि त्याने तो एका दमात रिकामा केला. "ताहान लागली व्हती, चाचा," म्हणून स्वतःच हसला.

"सोबत कोण येणार हाय तुझ्या?"

"कोन कशाला? पंधरा दिवसान परत गारीवर बसतो. मना काय होनार न्हाय."

"मग नको जाऊस," शरीफभाई म्हणाले. "आत्ता नको. माणूस सोबत घे, महिन्याची रजा घे, मग ये माझ्याकडे. तोवर न्हाय म्हणजे न्हाय." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

तो मोबाईलवर सापडलेल्या कुठल्याशा एजंटामार्फत गेला. आल्या आल्या ट्रेलरवर चढला. पोटात दुखत होतं ते त्याने घरी सांगितलंच नाही... दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. त्याच्या मोबाईलमध्ये शरीफभाईंचे फोन दिसले. तो ऑपरेशनला गेल्याचं कळल्यापासून ते रोज विचारत होते, ताप आहे का, पाणी जातं का. घरच्यांनी त्याचा अर्थ एवढाच काढला की यानेच पाठवला. बाप आणि काका चौलला आले, ग्रामपंचायतीत माणसं जमली.

त्या सकाळी शरीफभाई माझ्या फाटकाशी आले. आत नाही आले. "सर, याल का जरा? बाकी काही नको. त्या दिवशी ऐकलंत तेवढं सांगा." मी तिथे कशाला बसलो होतो, हे कुणीतरी विचारणारच होतं. मी म्हणालो, आज गुडघा फार दुखतोय. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. तो गुडघा बरा कसा झाला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "बरं," ते म्हणाले, "मग चालू नका." आणि एकटे गेले.

पोलिसांत काही झालं नाही, पण पडवीतल्या चटया गुंडाळल्या त्या गुंडाळल्याच. पुढेही ते बाजारात भेटले की "सर, पाणी पिता ना नीट?" एवढंच विचारायचे. त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. आताही पेला तोंडाला लावला की तो प्रश्न ऐकू येतो. घोट आत जाईपर्यंत मी थांबतो, आणि घरात कुणी नसलं तर मोठ्याने "हो" म्हणतो.

मागच्या आठवड्यात शेजारी सत्यनारायणाचं जेवण होतं. वाढायला मंगेश होता. माझा विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे. तो आणखी दोन पुऱ्या वाढू लागला तेव्हा मी पानावर हात आडवा धरला आणि बोललो. वाटलं होतं पंगत थांबेल. "मंगेश, माझं पोट कापलेलं आहे. तुर्कस्तानात. शरीफभाई घेऊन गेले होते मला."

"ते माहीत आहे, गुरुजी," तो म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांनाच. तुम्ही दुबईहून आलात तेव्हापासून." तो वाकून हळू आवाजात बोलत होता, माझी लाज राखायला. "तुम्हाला कोण बोलणार? पण त्या दिवशी पंचायतीत तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती आम्ही. निलेशच्या बापाला मीच सांगितलं, थांबा, गुरुजी त्यांच्यासोबत जाऊन आलेत, रविवारी तिथेच असतात, त्यांना विचारू. तुम्ही आला नाहीत." त्याने पुऱ्या परत परातीत ठेवल्या. "मग आम्ही काय समजायचं? वाटलं, चांगलं सांगण्यासारखं असतं तर गुरुजी आले असते."

पुढच्या पानावरून कुणीतरी भात मागितला. मंगेश सरळ उभा राहिला, आणि जाता जाता, प्रत्येकाला म्हणतात तसं, मलाही म्हणाला, "सावकाश होऊ द्या, गुरुजी."