टीव्हीवरचा निवडुंग

मुलुंडच्या पद्मजाच्या हाताला झाड म्हणून लागत नसे. मोगरा गेला, जास्वंद गेली, तुळससुद्धा लग्नाला आल्यासारखी चार दिवस राहून निघून गेली. शेवटी घाटकोपरच्या झाडवाल्याने तिला एक गोल, बुटका निवडुंग दिला. "ताई, याला विसरलात तरी चालेल," म्हणाला. विसरणं पद्मजाला छान जमायचं. निवडुंग जगला! तिला कोण आनंद. कुंडी थेट नव्या टीव्हीवर, विणलेल्या रुमालावर जाऊन बसली.

सासूबाईंना, सगुणाबाईंना, ते बघवेना. "काटेरी झाड घरात म्हणजे भांडणं घरात. रविवारी कचऱ्यात टाक, जाऊ दे मेलं देवनारच्या कचरा डेपोत."

"अहो आई, भांडणं आहेत कुठे आपल्याकडे?"

"मग हे काय चाललंय?"

पद्मजाचा नवरा श्यामसुंदर सोफ्यावर पेपरात तोंड घालून बसला होता.

पद्मजाचा जीव मात्र तुटला. हातून जगलेलं एवढं एकच झाड. जायच्या आधी निदान चित्र तरी असावं म्हणून शनिवारी दुपारी तिने लेकीची रंगपेटी घेतली. काटे काढले, ते दाढीच्या खुंटांसारखे दिसायला लागले. मग चष्मा आपसूक आला, पाठोपाठ पेपर आला. हिरवा रंग पाण्याने खाली ओघळला, तर छान पोट सुटलं.

सगुणाबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. "अगंबाई, हा तर आपला श्यामू!" पदर तोंडाला लावून त्या डोळ्यांत पाणी येईस्तो हसल्या.

रविवारी पद्मजाने कुंडी उचलून विचारलं, "टाकू ना आई?"

"माझ्या पोराला कचऱ्यात टाकतेस? ठेव आधी जागेवर!"

निवडुंग वाचला खरा, पण आता आईची माया सुरू झाली. सकाळी तांदळाचं धुवण, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा पाणी. आठवड्याभरात तो बुडाशी पिवळा, मऊ पडला.

"आई, जास्त पाण्याने मरेल हो तो."

"आईच्या हातचं खाऊन कोण मेलंय गं?"

पद्मजाने पुन्हा ब्रश घेतला. निवडुंगाला सोवळं नेसवलं, गंध लावलं, पुढ्यात पालथा पेला ठेवला. खाली लिहिलं, 'कडक उपास. पाणीसुद्धा नाही.' आणि चित्र टीव्हीमागे भिंतीला चिकटवलं.

दुपारी सगुणाबाई ताकाचा पेला घेऊन आल्या आणि थबकल्या. जन्मभर उपास केलेली बाई, दुसऱ्याचा कसा मोडणार?

"सुटतो कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"संकष्टीला. चंद्र दिसल्यावर, दोन चमचे पाणी."

सगुणाबाईंनी ताक स्वतःच पिऊन टाकलं.

तेव्हापासून दर संकष्टीला चंद्र बघून आल्या की त्या आधी टीव्हीवरच्या लेकाला मोजून दोन चमचे पाजत आणि मग पानावर बसत. निवडुंगाचं बूड पुन्हा दगडासारखं घट्ट झालं. बोलणी खायची ती सोफ्यावरच्या लेकाने.

"बघ रे, बघ जरा," सगुणाबाई म्हणत, "शीक काहीतरी त्याच्याकडून. तुला मेली साधी एकादशी निभत नाही!"